पांढरा ताफा : प्रस्तावना

नौदलाची जहाजे मराठी वाचकाला नावानिशी ठाऊक असतात. विक्रांत, खुकरी, म्हैसूर ही नावे घरोघरी पोहोचलेली आहेत. तटरक्षक दलाच्या जहाजांचे तसे झालेले नाही. मुंबई बंदरात, रत्नागिरीला, गोव्यात वास्कोजवळ ती उभी असतात. पांढरे अंग, त्यावर तिरका निळा पट्टा आणि ठळक अक्षरांत दलाचे नाव. तरीही किनाऱ्यावरची माणसे त्यांना सरसकट ‘नेव्हीची बोट’ म्हणून मोकळी होतात. हे पुस्तक त्या पांढऱ्या ताफ्याचे आहे. त्यात जहाजे आहेत, वेगवान नौका आहेत, होव्हरक्राफ्ट आहेत, विमाने आणि हेलिकॉप्टरे आहेत.

आधी रंगाबद्दल. युद्धनौका राखाडी असते, कारण तिला क्षितिजात मिसळून जायचे असते. गस्तीच्या जहाजाला मात्र दिसायचे असते. बुडत्या होडीतल्या तांडेलाला ते दुरून दिसले पाहिजे आणि चोरटा माल उतरवू पाहणाऱ्यालाही दिसले पाहिजे. युद्ध नसताना, वर्षाचे सगळे दिवस, कायद्याच्या आणि बचावाच्या कामासाठी समुद्रावर असणे हा या दलाचा धर्म आहे. म्हणून नौदलाच्या मापाने ही जहाजे मोजायला गेले की ती दुबळी वाटतात. तोफा लहान, क्षेपणास्त्रे नाहीत. माझ्या मते या ताफ्याला वेगळे तीन प्रश्न विचारायला हवेत. जिथे काही घडले आहे तिथे किती वेळात पोहोचता येते? तिथे किती दिवस टिकून राहता येते? आणि पोहोचल्यावर नेमके काय करता येते? कोणतेही एक जहाज किंवा विमान या तिन्ही प्रश्नांना पुरे पडत नाही. विमान तासाभरात पोहोचते, पण थांबू शकत नाही. मोठे जहाज आठवडेच्या आठवडे राहू शकते, पण त्याला पोहोचायलाच रात्र जाते. या पुस्तकात प्रत्येक साधनाकडे मी याच नजरेने पाहिले आहे.

दलाचा जन्म समजून घेतल्याशिवाय त्याचा ताफा समजत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी जोरात होती. आखातातून येणाऱ्या होड्या कोकण आणि गुजरातच्या खाड्यांमध्ये माल उतरवत, आणि सीमाशुल्क खात्याकडे त्यांचा पाठलाग करण्याजोग्या बोटी नव्हत्या. नौदलाने हे काम करावे तर त्याच्या महागड्या युद्धनौका तस्करांमागे धावण्यात झिजणार. त्यातच १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या रिगला तेल लागले. बॉम्बे हाय या तेलक्षेत्रामुळे खोल समुद्रात राखण्यासारखी संपत्ती आपल्याकडे आली. त्याच वर्षी के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रुस्तमजी नागपूरजवळच्या कामठीचे, पोलीस सेवेतले, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख. जमिनीच्या सीमेसाठी वेगळे दल उभारून दाखवलेल्या या माणसाने समुद्राच्या सीमेसाठीही वेगळ्या दलाची शिफारस केली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

पुढच्या घटना भराभर घडल्या. सागरी क्षेत्रांचा कायदा १९७६ मध्ये झाला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, भारताचे विशेष आर्थिक क्षेत्र ठरला आणि १५ जानेवारी १९७७ पासून ते अमलात आले. दोनच आठवड्यांनी, १ फेब्रुवारीला, तात्पुरते तटरक्षक दल उभे राहिले. वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठे क्षेत्र आणि ते राखायला नौदलाने दिलेल्या ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच लहान गस्ती नौका. एवढ्यावर सुरुवात झाली. ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ पन्नासच्या दशकात ब्रिटनमध्ये पाणबुड्यांशी लढण्यासाठी बांधलेल्या. मासेमारी ट्रॉलर थांबवून कागदपत्रे तपासायची, हे त्यांचे काम कधीच नव्हते. पण हाताशी तेवढेच होते. १९७८ च्या ऑगस्टमध्ये तटरक्षक दलाचा कायदा लागू झाला, पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी दलाचे रीतसर उद्घाटन केले आणि व्हाइस अॅडमिरल व्ही. ए. कामत पहिले महासंचालक झाले.

उसन्या जहाजांवरून स्वतःच्या जहाजावर यायला पाच वर्षे लागली. ‘विक्रम’ हे खास दूरच्या गस्तीसाठी बांधलेले पहिले जहाज मुंबईच्या माझगाव गोदीतून १९८३ मध्ये बाहेर पडले. याच वर्गाची शेवटची जहाजे पुढे गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली. आकाराने मध्यम आणि मागच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवण्याची सोय. ही सोय वरवर साधी वाटते, पण इथूनच तटरक्षक दलाच्या कामाची रीत बदलली. जहाजाची नजर त्याच्या रडारपुरती असते. त्यावर हेलिकॉप्टर आले की ती कितीतरी पटीने लांबते. ‘विक्रम’, ‘विजया’, ‘वराह’, ‘वज्र’, ‘विग्रह’ ही नावे जुनी जहाजे निवृत्त झाल्यावर तमिळनाडूतील कट्टुपल्लीला लार्सन अँड टुब्रोने बांधलेल्या नव्या जहाजांना मिळाली. जुन्या नोंदी वाचताना नावांनी गोंधळ होतो, म्हणून पुस्तकात मी प्रत्येक नावापुढे वर्ष दिले आहे.

नावांविषयी आणखी थोडे, कारण मराठी वाचकाला ते भावेल. मधल्या आकाराच्या गस्ती जहाजांना स्त्रियांची नावे देण्याची प्रथा दलाने जपली आहे. जिजाबाई, चांदबिबी, कित्तूर चन्नम्मा, ताराबाई, अहल्याबाई, लक्ष्मीबाई. नंतर सावित्रीबाई फुले, दुर्गाबाई देशमुख, भिकाजी कामा. यांतले ‘सावित्रीबाई फुले’ हे जहाज गोव्यात बांधलेले. या प्रथेमागे केवळ आदर आहे असे मला वाटत नाही. जिजाबाई, ताराबाई, लक्ष्मीबाई या राजकारण आणि राज्य सांभाळणाऱ्या बायका. त्यांची नावे पहाऱ्याच्या जहाजांवर कोरलेली पाहून मला समाधान होते.

आणि ‘ताराबाई’ने ते नाव राखले. ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियातून जपानकडे निघालेले ‘अलाँड्रा रेनबो’ हे मालवाहू जहाज चाच्यांनी पळवले. त्यावर सुमारे ७,००० टन अॅल्युमिनियम होते. खलाशांना तराफ्यावर सोडून देण्यात आले. कित्येक दिवसांनी एका थाई मच्छीमार बोटीने त्यांना वाचवले. जहाजाचे नाव रंगवून बदलले गेले आणि ते पश्चिमेकडे निघाले. नोव्हेंबरच्या मध्याला अरबी समुद्रात तटरक्षक दलाच्या विमानाने ते हेरले. ‘ताराबाई’ त्याच्यापर्यंत पोहोचली, थांबण्याचे इशारे दिले, गोळीबारही केला. पण मालवाहू जहाज अजस्र आणि ‘ताराबाई’ लहान. तिच्या तोफेने ते थांबण्यासारखे नव्हते. तिने पाठलाग सोडला नाही, शिकार नजरेआड होऊ दिली नाही. अखेर नौदलाची ‘प्रहार’ आली आणि १६ नोव्हेंबरला जहाज ताब्यात घेतले गेले. पकडलेल्या चाच्यांवर मुंबईत खटला चालला. सत्र न्यायालयाने २००३ मध्ये शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निर्दोष ठरवले. चाचेगिरीसाठी भारताचा वेगळा कायदा व्हायला २०२२ उजाडले.

या एका प्रकरणावर मी पुस्तकात बरीच पाने खर्च केली आहेत, कारण तिन्ही प्रश्न त्यात एकदम दिसतात. शोधणे विमानाला जमले, चिकटून राहणे ‘ताराबाई’ला जमले, थांबवणे मात्र दोघांनाही जमले नाही. दूरच्या समुद्रात मोठी, दणकट जहाजे का हवीत, याचे उत्तर पुढे गोवा शिपयार्डने बांधलेल्या ‘समर्थ’ वर्गात मिळते. १०५ मीटर लांब, हँगरसह हेलिकॉप्टरची सोय, पुढे ३० मिलिमीटरची तोफ, उतरवता येणाऱ्या वेगवान बोटी आणि वाटेत इंधन न घेता सुमारे ६,००० सागरी मैलांचा पल्ला. गोव्याच्या या गोदीचे तटरक्षक दलाशी असलेले नाते इतके जुने आणि सलग आहे की तिच्याशिवाय ताफ्याचा इतिहास लिहिताच येत नाही.

मुंबईवरच्या हल्ल्याने दुसऱ्या टोकाची उणीव उघडी पाडली. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मच्छीमार बोट पळवून आले आणि मुंबईजवळ रबरी बोटीत उतरून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत पोहोचले. इतक्या जवळच्या, गजबजलेल्या पाण्यात १०५ मीटरचे जहाज काय करणार? हजारो होड्या, डोल जाळी, खाड्यांची तोंडे, उथळ वाळूचे पट्टे. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याची तटरक्षक दलाकडे आली. त्यानंतर वेगवान इंटरसेप्टर बोटींची मोठी मागणी नोंदवली गेली. लार्सन अँड टुब्रोने हजीरा आणि कट्टुपल्लीत अशा ५४ बोटी बांधून वेळेआधी दिल्या. सुमारे २८ मीटर लांबी, अॅल्युमिनियमचे हलके अंग, ४५ नॉटचा वेग म्हणजे ताशी ८० किलोमीटरहून जास्त. पंख्याऐवजी पाण्याचा जोरदार फवारा मागे फेकून त्या धावतात, त्यामुळे कमी पाण्यातही अडत नाहीत. उधाणलेल्या पावसाळी समुद्रात मात्र त्यांना मर्यादा येतात. वेगासाठी वजन आणि टिकाव गमवावा लागतो, आणि ही देवघेव ताफ्यात जागोजागी दिसते.

त्याहून उथळ पाण्यासाठी होव्हरक्राफ्ट. कच्छच्या रणालगतची सर क्रीक आणि तमिळनाडूतील मंडपमजवळची सामुद्रधुनी या दोन जागा भरती-ओहोटीने क्षणाक्षणाला बदलतात. आता पाणी, घटकाभराने चिखल. तिथे कोणतीच बोट भरवशाची नाही. हवेच्या उशीवर तरंगणारे हे वाहन चिखलावरून, वाळूवरून, पाण्यावरून सारखेच धावते. ब्रिटनच्या ग्रिफन कंपनीची होव्हरक्राफ्ट दलाने २००० च्या सुमारास पहिल्यांदा घेतली, नंतर आणखी १२. त्यांची देखभाल कठीण आणि खर्चिक आहे. खालचा रबरी झालर-पडदा झिजतो. पण पर्याय नाही. २०२४ मध्ये गोव्याच्या चौगुले कंपनीशी सहा होव्हरक्राफ्टचा करार झाला आणि त्यांचे काम रासई येथील तिच्या गोदीत सुरू झाले.

आता तेलगळतीबद्दल, कारण हा विषय आपल्या किनाऱ्याला सर्वांत जवळून भिडतो आणि तरीही सर्वांत लवकर विसरला जातो. समुद्रातल्या प्रदूषणाची जबाबदारी १९८६ पासून तटरक्षक दलाकडे आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ कलले, शेकडो कंटेनर पाण्यात गेले आणि शेकडो टन तेल पसरले. रायगडच्या किनाऱ्यावर, खाड्यांतल्या तिवरांवर तेलाचा थर बसला. मासळी खायची की नाही, या शंकेने बाजार ओस पडले. दलाने हेलिकॉप्टरला लटकवलेल्या बादल्यांतून रसायन फवारले, बंदरातल्या इतर बोटी कामाला लावल्या. तेल अडवण्यासाठी आणि उचलण्यासाठीच बांधलेले ‘समुद्र प्रहरी’ त्या वेळी तयार होत आले होते. सुरतच्या गोदीत बांधलेले ते जहाज मुंबईत सेवेत दाखल झाले ९ ऑक्टोबर २०१० रोजी, टकरीनंतर दोन महिन्यांनी.

असे जहाज आत शिरून पाहण्यासारखे असते. दोन्ही बाजूंनी बाहेर निघणारे लांब हात, तेल एका जागी कोंडणारे तरंगते अडसर, वरचा थर खेचून घेणारी यंत्रे, आणि खेचलेले तेल साठवायच्या टाक्या. शिवाय आग विझवण्याच्या तोफा आणि दुसऱ्या जहाजाला ओढून नेण्याची ताकद. आपल्या ताफ्यातले हे सर्वांत मोलाचे साधन आहे असे मी मानतो. कारण तेल लागलेल्या खाडीतली कालवे, खेकडे, शिंपले गोळा करणाऱ्या बाईला युद्धनौका काही देऊ शकत नाही. हे जहाज देऊ शकते. ‘समुद्र पहरेदार’ आणि ‘समुद्र पावक’ नंतर आली. २०२० मध्ये श्रीलंकेजवळ २.७ लाख टन कच्चे तेल घेऊन जाणाऱ्या ‘न्यू डायमंड’ टँकरला आग लागली तेव्हा भारतीय तटरक्षक दल दिवसेंदिवस ती विझवत होते आणि टाक्यांमधले कच्चे तेल समुद्रात सांडले नाही. गोवा शिपयार्डने बांधलेले ११४.५ मीटर लांबीचे ‘समुद्र प्रताप’ जानेवारी २०२६ मध्ये सेवेत आले, ते या मालिकेतले भारतातच आराखडा आखलेले पहिले.

आता आकाशातली साधने. दलाची पहिली हेलिकॉप्टर तुकडी १९८२ मध्ये गोव्यात चेतक घेऊन उभी राहिली. विमानांसाठी डॉर्नियर २२८ आले, कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेले, दोन इंजिनांचे, लहान धावपट्टीवर उतरणारे, पोटाखाली रडार असलेले. दमण हा त्यांचा जुना तळ. २०० सागरी मैलांवर जायला मोठ्या जहाजाला नऊ-दहा तास लागतात, डॉर्नियर ते अंतर तासाभरात कापते. २४ मे २०२५ रोजी कोचीबाहेर ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनर जहाज कलू लागले तेव्हा असेच घडले. डॉर्नियर आधी पोहोचले, त्याने तराफे टाकले, मागून जहाजे आली. सगळे २४ खलाशी वाचले, त्यांतले २१ तटरक्षक दलाने आणि ३ नौदलाने उचलले. दुसऱ्या दिवशी ते जहाज बुडाले.

विमानाने पाहिलेला माणूस पाण्याबाहेर काढायचा तो हेलिकॉप्टरने. इथे मला काळजी वाटते आणि ती लपवायची नाही. चेतक हे मुळात फ्रेंच हेलिकॉप्टर, आपल्याकडे साठच्या दशकापासून बनते. इंजिन एकच. तरीही त्याने केलेली कामे थक्क करणारी आहेत. मे २०२१ च्या तौक्ते वादळात पालघरच्या किनाऱ्यावर रुतलेल्या ‘गल कन्स्ट्रक्टर’ बार्जवरच्या सर्व १३७ माणसांची सुटका झाली, त्यात चेतकांनीही माणसे उचलून आणली. त्याची जागा घ्यायला दोन इंजिनांचे ध्रुव आले, दलाने १६ घेतले. पण २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ ‘हरी लीला’ टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेले ध्रुव समुद्रात कोसळले आणि तिघे गेले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर विमानतळावर दुसरे कोसळले आणि आणखी तिघे गेले. त्यानंतर ध्रुवचे उड्डाण थांबवावे लागले. दुसऱ्याचा जीव वाचवायला निघालेली ही माणसे होती. मार्च २०२४ मध्ये आणखी ९ ध्रुवचा करार झालेला आहे, पण संख्येपेक्षा आधी त्यांच्यावर उडणाऱ्यांचा विश्वास परत यायला हवा. २०१५ च्या जूनमध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तीन जणांसह बेपत्ता झालेले डॉर्नियर समुद्रतळाशी सापडायला महिना उलटला होता. पाणबुडी ‘सिंधुध्वज’ने त्याच्या संदेशयंत्राचा माग काढला. या अपघातांवरचे प्रकरण लिहिताना मी यंत्रांच्या बिघाडाइतकेच रात्रीच्या समुद्रावर खाली उतरण्याच्या कामाविषयी लिहिले आहे, कारण ते समजल्याशिवाय हे वैमानिक काय करतात ते कळत नाही.

आज ताफ्यात सुमारे १५० जहाजे व नौका आणि सत्तरच्या वर विमाने व हेलिकॉप्टरे आहेत. शोध आणि बचावासाठी भारताकडे सोपवलेले सागरी क्षेत्र ४६ लाख चौरस किलोमीटर आहे, म्हणजे देशाच्या भूभागापेक्षा मोठे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ताफा मोठा आहे असे कोणी म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर डहाणू, मुंबई, मुरुड आणि रत्नागिरी येथे दलाची ठाणी आहेत, वरळीला पश्चिम विभागाचे मुख्यालय. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटी वाऱ्याबरोबर भरकटत देवगडच्या बंदरात येऊन लागल्या होत्या. कोकणातल्या बंदरावरच्या माणसाला म्हणूनच हा विषय परका नाही. सिंधुदुर्गच्या बाजूला हेलिकॉप्टरचा कायमचा तळ असावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याची कारणे नकाशासह सातव्या प्रकरणात दिली आहेत.

पुस्तकाची रचना काळाप्रमाणे नाही, पाण्याच्या खोलीप्रमाणे आहे. आधी चिखल आणि खाड्या, मग किनाऱ्यालगतचे पाणी, मग दूरचा समुद्र, शेवटी आकाश. शस्त्रांची तपशीलवार वर्णने मी टाळली आहेत. तांत्रिक आकडे देताना नॉट आणि सागरी मैल तसेच ठेवले आहेत. खलाशी त्याच मापांत बोलतो आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर एवढे लक्षात ठेवले की पुरते. लिहिताना माझ्या मनात दोन वाचक होते, जहाजांची आवड असलेला विद्यार्थी आणि रोज समुद्रात जाणारा मच्छीमार. दुसऱ्या वाचकासाठी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला दोन गोष्टी मोठ्या अक्षरांत छापल्या आहेत. समुद्रात संकट आले तर तटरक्षक दलाचा टोल-फ्री क्रमांक १५५४, आणि फोनला रेंज नसेल तेव्हा व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६.